कालचं वाक्य

२ जून, रविवार

आजपासून पुन्हा रोजनिशी. मागच्या वेळी बंद पडली ती पेनामुळे. या वेळी पेन चांगलं आहे.

मोठा निर्णय: हिला इंग्लिश शिकवायचं. ही म्हणजे बायको. हॉस्पिटलात चादरींच्या खोलीत कामाला आहे. धुऊन आलेल्या चादरी बघून घ्यायच्या, घड्या घालायच्या, वॉर्डात पाठवायच्या. त्याला इंग्लिश कशाला लागतं देव जाणे, चादर कुठल्याही भाषेत चौकोनीच असते. पण काल म्हणाली, पोस्टाच्या मागे एक रिटायर्ड बाई क्लास घेतात, लावू का? मी म्हटलं, अगं, घरात मास्तर बसलेला असताना बाहेर कशाला जायचं? वजनकाटे तपासायच्या ऑफिसात माझं आयुष्य गेलं. दुकानदार काटे घेऊन येतात, मी तपासतो आणि प्रत्येकाच्या कागदावर लिहितो, 'व्हेरिफाइड अँड फाउंड करेक्ट'. इंग्लिशमध्ये. आजपर्यंत एकाही काट्याने चूक काढलेली नाही.

ही म्हणाली, तुम्ही चिडता. मी म्हटलं, मी चिडत नाही. जरा मोठ्याने म्हटलं.

प्लॅन असा. तीन महिन्यांत ही फाडफाड बोलली पाहिजे. संध्याकाळचा चहा झाला की दोघांनी एकेक वाक्य म्हणायचं, काल काय झालं त्याचं. आधी फक्त भूतकाळ, कारण माणसं बहुतेक झालेल्याच गोष्टी बोलतात. भविष्यकाळ सगळ्यात शेवटी. तो सोपा आहे, नुसतं 'विल' लावलं की झालं.

आणखी दोन संकल्प: सकाळी फिरायला जाणं. साखर बंद.

३ जून

पहिला तास. 'गो'पासून सुरुवात केली, कारण सगळ्यात जास्त लागणारं क्रियापद तेच. गो, वेन्ट. हिने विचारलं, जाणं तेच ना, मग काल गेलं की एवढं कसं बदलतं? एक अक्षर जुळत नाही दोघांचं. मी म्हटलं, इंग्लिशमध्ये 'का' विचारायचं नसतं, पाठ करायचं असतं. खरं कारण मलाही माहीत नाही, पण तिला तसा संशय आलेला नाही.

मग तिचं पहिलं वाक्य: 'यस्टरडे आय कुक, यू नॉट ईट.' काल मी बाहेरून खाऊन आलो होतो आणि कळवायचं राहिलं होतं, त्यावर रोख. मी 'कुक्ड' आणि 'डिड नॉट ईट' दुरुस्त केलं आणि म्हटलं, टोमणे मारायला भाषा शिकत नाही आपण. तिथल्या तिथे नियम करून टाकला. वाक्याचं खरंखोटं बघायचं नाही. फक्त क्रियापद बघायचं आणि दहापैकी मार्क द्यायचे. ही म्हणाली, म्हणजे मी काहीही म्हटलं तरी चालेल? मी म्हटलं, काहीही. म्हणाली, तुम्ही मनाला लावून घेणार नाही? मी म्हटलं, मास्तर कधी मनाला लावून घेत नसतो.

मग बराच वेळ कप ढवळत बसली. साखर केव्हाच विरघळली होती.

मार्क: चार.

७ जून

'यस्टरडे आय वेन्ट टू मार्केट.' परवाही हेच, त्याच्या आदल्या दिवशीही हेच. मी म्हटलं, अगं, जरा कल्पना लढव. नमुना म्हणून माझं वाक्य सांगितलं: 'यस्टरडे आय वेन्ट टू द हेड ऑफिस अँड द डायरेक्टर गेव्ह मी अ चेअर.' वेन्ट आणि गेव्ह, एका दगडात दोन.

म्हणाली, खुर्ची दिली तुम्हाला? मी नियमाची आठवण करून दिली. हेड ऑफिसला गेलो होतो हे खरंच आहे. डायरेक्टर रजेवर होते. बाहेर बाकडं होतं, त्यावर बसायला कोणाची परवानगी लागत नाही.

फिरायला जाणं सोमवारपासून. बुटाचा तळ सुटलाय.

१४ जून

प्रगती! 'यस्टरडे आय वेन्ट टू द क्लास बिहाइंड द पोस्ट ऑफिस. द टीचर वॉज काइंड. शी डिड नॉट शाउट.'

तीन वाक्यं, सगळी बरोबर. हिला म्हटलं, बघ, कल्पनेला वाट करून दिली की कशी पळते. क्लासचं तिच्या डोक्यातून गेलेलं नाही हे उघड आहे, पण निदान वाक्यात तरी हौस भागली. ही काहीतरी बोलणार होती. मी म्हटलं, आता बोलू नकोस, मार्क लिहू दे. नऊ दिले. दहा दिले तर माणूस चढून बसतो.

हल्ली मंगळवार-गुरुवार तिला यायला उशीर होतो. हॉस्पिटलात चादरी वाढल्या असणार.

२४ जून

ऑफिसात खळबळ. साहेब रिटायर होताहेत. त्यांच्या खुर्चीसाठी दोन नावं: मी आणि डिजिटल. डिजिटल म्हणजे माझ्यानंतर चिकटलेला सहकारी. नव्या बॅटरीच्या काट्यांचं त्याला कळतं म्हणून हे नाव मीच ठेवलं, आणि त्याला ते आवडलं, हीच माझी चूक. त्याचं काम म्हणजे काय, तर आकडा दिसतो तो वाचायचा. माझं काम तसं नाही. आमच्या पेटीत मखमलीवर पितळी वजनं असतात, ती मी उघड्या हाताने कधी धरत नाही. बोटाचा घाम लागला तरी वजनात फरक पडतो. चिमट्याने उचलायचं, पारड्याच्या बरोब्बर मध्ये ठेवायचं, श्वास रोखायचा. काटा थरथरतो, थरथरतो आणि थांबतो. तो थांबेपर्यंत वाट बघणं याला धीर लागतो. माझ्याइतकं बारीक लक्ष या ऑफिसात कोणाचं नाही, असं साहेबसुद्धा एकदा म्हणाले होते, कुठल्या तरी दुसऱ्या संदर्भात.

निवड माझीच होणार. हिला सांगितलं नाही, एकदम सरप्राइज.

४ जुलै

मुलीचा फोन. लग्न होऊन लांब गेलीय, आठवड्यातून एकदा फोन करते आणि आईशीच बोलत बसते. आज मला म्हणाली, बाबा, आई काय सांगते ते जरा ऐकत जा हो. मी म्हटलं, ऐकतो की! रोज ऐकतो, मार्कसुद्धा देतो. पलीकडे गप्प. रेंजचा प्रॉब्लेम.

साखर: बंदच आहे. फक्त चहात.

१० जुलै

संध्याकाळी डिजिटल घरी आला, कसलासा कागद सहीला घेऊन. ही बाहेर आली आणि एकदम इंग्लिशमध्ये म्हणाली, 'प्लीज सिट, आय ब्रिंग टी.' मला हसू आवरलं नाही. म्हटलं, अगं, ब्रिंग काय, विल ब्रिंग! अजून आमच्याकडे विल झालेलं नाही, असं डिजिटललाही समजावून सांगितलं. तो हसला नाही, चहा राहू द्या म्हणाला. ही आत गेली ती बाहेर आलीच नाही. चहावर शेवटी मी पाणी सोडलं.

चूक जागच्या जागी सुधारली तर डोक्यात पक्की बसते. शिकवण्याचं हे तंत्र मला आपोआपच येतं.

११ जुलै

आजचं वाक्य ऐकून उडालोच. 'यस्टरडे नाइट आय सॅट ऑन द बाथरूम फ्लोअर अँड आय वेप्ट.'

सॅट ठीक आहे, मी शिकवलंय. पण वेप्ट? वीप-वेप्ट आपण घेतलेलंच नाही! मी विचारलं, हा शब्द कुठून आणलास? म्हणाली, क्लासमध्ये. मी खूप हसलो. म्हटलं, तो तुझा कल्पनेतला क्लास माझ्यापेक्षा पुढे चाललाय. पहिल्यांदाच दहापैकी दहा दिले. वाटलं खूश होईल. कप उचलून आत गेली. चेहरा उतरलेला दिसला, उकाड्याने असेल.

काल नळ बराच वेळ चालू होता, हे आता आठवतंय. वॉशर बदलायला हवा.

१९ जुलै

डिजिटलची निवड झाली.

मोकळं वाटतंय. खरंच मोकळं वाटतंय. त्या खुर्चीत नुसत्या सह्या आहेत, काटा हातात धरायला मिळत नाही. मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हणणार होतो. पेढे वाटल्यासारखं तोंड करून सगळ्यांच्या आधी त्याचा हात हातात घेतला. तळहाताला घाम होता, माझ्याच.

घरी माझं वाक्य: 'यस्टरडे दे ऑफर्ड मी द पोस्ट अँड आय सेड नो.' काल नाही, आजच झालं होतं, पण नियमाप्रमाणे काल.

हिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, बरोबर आहे, दहा. आणि जेवण झाल्यावर बामची बाटली घेऊन आली आणि पाठीला बाम लावून दिला. मी मागितला नव्हता. पाठ दुखतेय असंही म्हटलं नव्हतं. हात फिरवत राहिली, आणि मी उशीत तोंड खुपसून पडलो. बामाने डोळे फार झोंबले.

हिला कसं कळलं, हा प्रश्न आहे.

३० जुलै

हिची कल्पना आता हाताबाहेर चालली आहे. आजचं वाक्य जसंच्या तसं: 'यस्टरडे आय वेन्ट फॉर इंटरव्ह्यू. बिग हॉस्पिटल, अनदर टाउन. दे आस्क्ड मी इन इंग्लिश. आय स्पोक. दे टुक मी.'

स्पोक बरोबर. टुक बरोबर. पण इंटरव्ह्यूच्या आधी 'ॲन' कुठे आहे? आणि मुख्य म्हणजे वाक्य पटेल असं तरी हवं. मी सांगितलं, कल्पना करावी, पण किती? चादरींच्या खोलीतल्या बाईला एवढं मोठं हॉस्पिटल कशाला बोलावील, तेही इंग्लिशमध्ये विचारून? ऐकणाऱ्याचा विश्वास बसला पाहिजे.

ही म्हणाली, बरं.

सात मार्क.

काल ही कामावर गेली नव्हती, हे मला माहीत आहे. मैत्रिणीकडे जाते म्हणाली होती. नवी साडी नेसून.

३१ जुलै

'यस्टरडे आय टोल्ड माय हज्बंड. ही गेव्ह मी सेव्हन मार्क्स.'

फर्स्ट क्लास! हिच्यात विनोदबुद्धी आहे हे मला इतक्या वर्षांत कळलंच नव्हतं. मांडीवर थाप मारून हसलो. दहा दिले. ही हसली नाही. विनोद करणाऱ्याने स्वतः हसायचं नसतं, तेही हिला जमतं.

झोपताना छातीत काहीतरी अडकल्यासारखं. ॲसिडिटी. साखर खरोखरच बंद करायला हवी.

९ ऑगस्ट

घराला शिस्त लागली आहे, आणि याचं श्रेय थोडंफार मला घ्यायला हरकत नाही. हिने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मीठ कुठलं, साखर कुठली, तांदूळ कुठला. माळ्यावरची बॅग खाली काढून ऊन दाखवलं. गॅसचा कॉक कसा बंद करायचा ते मला दोनदा करायला लावलं. मी म्हटलं, मला कशाला? म्हणाली, असू दे.

मग भात. पाणी किती, आच किती, झाकण केव्हा. हात धरून शिकवला. माझा पहिला भात खाली लागला आणि वर कच्चा राहिला. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही, म्हणाली, उद्या पुन्हा करू. मास्तर म्हणून बरी आहे, फक्त फार मऊ.

मी तिला म्हटलं, मला मार्क किती? म्हणाली, तुमचं जमेल हळूहळू. हे काही उत्तर झालं नाही.

१४ ऑगस्ट

चहा झाला. मी म्हटलं, हं, वाक्य.

ही मराठीत म्हणाली, रविवारी मी जातेय.

मी म्हटलं, मराठीत नाही, आणि हा भविष्यकाळ झाला, तो आपण घेतलेला नाही.

ही पुन्हा तेच म्हणाली. रविवारी सकाळची बस. मोठ्या हॉस्पिटलात चादरी-कपड्यांचा सगळा विभाग तिच्याकडे देणार आहेत. राहायला खोली आहे, एक खिडकी आहे, बघून आलीय.

मी म्हटलं, आणि हे तू मला आज सांगतेस? अशा गोष्टी आधी सांगायच्या असतात! माझा आवाज चढला. वरच्या मजल्यावरच्यांनी रेडिओ बारीक केला.

ही म्हणाली, सांगितलं होतं. मी म्हटलं, केव्हा? मग तिने सांगितलं. एका पाठोपाठ एक, कुठे न अडखळता. क्लास, पोस्टाच्या मागे. बाथरूमची फरशी. इंटरव्ह्यू. दे टुक मी. आय टोल्ड माय हज्बंड. सगळी क्रियापदं बरोबर. त्यात तिने 'ॲन'सुद्धा लावला.

मी म्हटलं, मला वाटलं ती वाक्यं आहेत.

  ही म्हणाली, तुमची खोटी असायची ती मला कळायची. माझी खरी होती ती तुम्हाला कळायला काय हरकत होती?

ॲसिडिटी नाही ही. आता लिहून टाकतो. ॲसिडिटी आधीही नव्हती.

१६ ऑगस्ट

शांतपणे विचार केला. हे तात्पुरतं आहे. बाईमाणूस रागावतं, चार दिवस जातं, परत येतं. तरी तिला थांबवण्यासाठी मुद्दे तयार ठेवले आहेत. एक, हवा मानवणार नाही. दोन, तिथले लोक अनोळखी. तीन, माझा भात. चौथा मुद्दा खरा आहे, पण तो बोलायचा कसा ते ठरत नाही. संध्याकाळी बोलणार.

संध्याकाळी ती मुलीशी फोनवर बोलत होती. मुलीला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. हॉस्पिटलात माहीत होतं. मला वाटतं डिजिटललाही माहीत असावं, कारण ऑफिसात आज त्याने माझ्या वाटचे दोन काटे तपासून दिले आणि नजर चुकवली.

१७ ऑगस्ट, शनिवार

बॅग भरून झाली. दारापाशी उभी होती. मी ऑफिसातून हुकाचा काटा आणला होता, बाहेर न्यायला परवानगी नाही तरी आणला. मनात असं, की बॅग जड निघेल, मग म्हणता येईल, एवढं ओझं घेऊन एकटी कशी जाशील, राहू दे. मुद्दा पाचवा.

हुक बॅगेच्या पट्ट्यात अडकवला आणि उचलली. काटा थरथरला. मी श्वास रोखून थांबलो. अकरा किलो. एवढंच. सबंध संसारातून ही एवढंच घेऊन चालली होती. सहा साड्या, दोन चादरी, एक स्वेटर. मी पुन्हा उचलली, वाटलं काटा अडकला असेल. अकराच.

ही दारात उभी राहून बघत होती. नुसती बघत होती, घाई करत नव्हती. आता आठवतं, वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा असाच असतो. नको जाऊ, एवढे दोन शब्द. तोंडात आले होते. त्यांना कुठलं क्रियापद लागत होतं ते सोपं होतं, मराठीतच होतं.

मी म्हटलं, वजन बरोबर आहे.

ही म्हणाली, बरं. आणि दिवा बंद करून आत गेली.

१८ ऑगस्ट, रविवार, दुपार

बस वेळेवर आली. एरवी कधी येत नाही.

बॅग मी उचलली. स्टँडवर चहा घेतला, कागदी कपात. मी विचारलं, परत केव्हा येशील? ही जरा हसली, पहिल्यांदाच इतक्या दिवसांत, आणि म्हणाली, भविष्यकाळ तुम्ही शिकवलाच नाहीत. मी म्हटलं, आत्ता शिकवतो, पाच मिनिटांचं काम आहे, नुसतं विल लावायचं. म्हणाली, राहू द्या.

मग म्हणाली, रविवारी फोन करीन. एक वाक्य तयार ठेवा. पण खरं. मी म्हटलं, नियम असा नव्हता. म्हणाली, आता असा आहे.

खिडकीची जागा मिळाली तिला. हात हलवला तेव्हा मी कंडक्टरला बॅग नीट ठेवायला सांगत होतो. मान वळवली तोवर बस वळली होती.

घरी आलो. डब्यांवर चिठ्ठ्या आहेत, त्यामुळे काही अडचण नाही.

२० ऑगस्ट

बरं चाललंय. भात जमला. जवळजवळ जमला. एकटं असण्याचे फायदे खूप आहेत, उद्या सविस्तर लिहीन.

२१ ऑगस्ट

फायदे: दिवा हवा तेव्हा चालू ठेवता येतो.

२५ ऑगस्ट, रविवार

सकाळपासून तयारीत होतो. आठवडाभर वाक्य घोळवत होतो. फोन आला तेव्हा हात धुवायला गेलो होतो, धावत येताना स्टुलाला पाय आपटला.

मी म्हटलं, 'यस्टरडे आय वेन्ट टू अ बिग हॉटेल विथ माय फ्रेंड्स. वी लाफ्ड अँड एट.' छान मोकळ्या आवाजात म्हटलं. तिला वाटावं, इथे सगळं झकास आहे, मग तिलाच चुटपुट लागेल, हा हिशोब.

ही म्हणाली, वेन्ट बरोबर आहे. एट बरोबर आहे. मग म्हणाली, आणखी काही सांगायचं आहे का? मी म्हटलं, आणखी काय असणार, मजेत आहे. म्हणाली, बरं, शुगरची गोळी घेत जा वेळेवर. आणि फोन ठेवला.

खोटं पकडलं तिने. फोनवरूनसुद्धा. पाठीला हात लावल्याशिवाय.

पायाचा अंगठा सुजलाय. बाम लावला. एका हाताने बाटलीचं झाकण उघडत नाही, हे मला आजवर माहीत नव्हतं, कारण ते नेहमी उघडलेलंच मिळायचं.

२९ ऑगस्ट

ऑफिसात एका म्हाताऱ्या भाजीवाल्या बाईचा काटा आला. दोन्ही पारड्यांच्या दोऱ्यांना गाठी मारलेल्या, दांडी वाकलेली. डिजिटल म्हणाला, बाद करा. मी चिमट्याने वजन ठेवलं आणि वाट बघत बसलो. काटा थांबेना. बाईने विचारलं, ठीक आहे ना हो? मी म्हटलं, एक मिनिट, ऐकतोय. ती म्हणाली, काय ऐकताय?  माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सगळ्यांच्या देखत. डिजिटलने खुर्ची दिली. या ऑफिसात मला कोणी स्वतःहून खुर्ची देण्याची ही पहिली वेळ.

संध्याकाळी एकट्याने टेबलावर बसून तिची सगळी वाक्यं मोठ्याने म्हणून बघितली. मला पाठ आहेत. मी ऐकत नव्हतो असं कोण म्हणतं? मी एकेक शब्द ऐकत होतो. ती काय म्हणतेय तेवढं सोडून सगळं ऐकलं मी.

१ सप्टेंबर, रविवार

आज तीन महिने झाले. प्लॅनप्रमाणे.

या वेळी वाक्य तयार केलं नव्हतं. जे काल झालं तेच सांगायचं ठरवलं. फोन वाजला. मी 'हॅलो' म्हणायच्या आधीच म्हणून टाकलं, धीर सुटायच्या आत: 'यस्टरडे आय केम होम. आय कॉल्ड यू फ्रॉम द डोअर. देन आय स्टूड देअर.'

काल खरोखरच तसं झालं. कुलूप काढलं, अगं, आलो गं, अशी हाक मारली आणि चपलेत तसाच उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. समोरच्यांच्या दाराचं भिंग अंधारलेलं दिसलं, म्हणजे आतून कोणी बघत होतं, तेव्हा आत गेलो.

 फोनवर तिचा श्वास ऐकू येत होता. मी थांबलो. या वेळी दुरुस्त करायला काही नव्हतं, घाई नव्हती, मी नुसता थांबलो.

मग म्हणाली, ऐकलं.

पुढे बोलणार होती. नक्की बोलणार होती, मला तिचा श्वास कळतो. पण तिकडून कोणीतरी तिला हाक मारली, इंग्लिशमध्ये. तिने उत्तर दिलं. कुठेही न अडखळता, भरभर, मध्येच जराशी हसून, वॉर्ड, चादरी, उद्या सकाळ, असं काहीतरी. मी कान देऊन ऐकत होतो. त्यातलं बरंचसं मला समजलं नाही. एवढं कळलं की दोनदा 'विल' आलं, आणि दोन्ही वेळा बरोबर जागी आलं.

मग मला म्हणाली, जायला हवं, बोलावताहेत. गोळी घ्या.

मी फोन कानाला धरून बसून होतो. नंतर चहा केला. सवयीने दोन कप झाला.

आजच्या वाक्याला मार्क किती, ते तिने सांगितलं नाही. विचारायचं राहिलं.